गट नंबर 12/3 म्हणजे 12 मार्च नव्हे

अनेक उत्तम आशीर्वाद.

पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) आणि एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा) घरी बसून शिकलीस आणि आता जिल्हा कार्यालयात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर रुजू होणार, हे वाचून बरं वाटलं. पदवीचं आधीच सांगून ठेवतो. कंत्राटावर काम दाखवून निभावतं, पण कायम पदाच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेचा रकाना असतो आणि तिथे गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, मांडलेलं काम चालत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी किंवा नाइलिट या केंद्र सरकारी संस्थेची संगणक अभ्यासक्रमाची लेव्हल सुरू ठेव. कोणती लेव्हल धरतात ते मात्र त्या त्या जाहिरातीत वाचूनच फी भर.

पहिला महिना कोड लिहायचा नाही. बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक नोंदीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाक. अर्ज आला, शिक्का पडला, आवक क्रमांक मिळाला, संकलनाकडे (त्या विषयाच्या टेबलाकडे) गेला, त्रुटी निघाली, परत आला. वीस-पंचवीस अर्जांचा हा प्रवास तारखांसह वहीत उतरव. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यावी लागते. कसूर झाली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. म्हणून तुझ्या तक्त्यात अर्ज स्वीकारल्याची तारीख आणि संगणकात नोंद झाल्याची तारीख हे दोन वेगळे रकाने हवेत. चार दिवसांचे अर्ज शुक्रवारी एकदम भरले जातात. एकच रकाना ठेवलास तर अर्जदाराचे चार दिवस बुडाले आणि यादीही खोटी झाली.

मग एक्सेल. खरी मेहनत इथेच जाते. तालुक्यांकडून येणाऱ्या फायलीत गट नंबर 12/3 असतो, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. कुणाच्या संगणकावर 12 मार्च, कुणाच्या 3 डिसेंबर. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केलास तरी गट नंबर परत येत नाही, 45728 सारखा पाच आकडी नंबर दिसतो. रिकामा नमुना आधीच ‘टेक्स्ट’ करून पाठव, म्हणजे हे टळेल. बँक खात्यांचंही तेच. सुरुवातीची शून्यं गळतात, आणि एक्सेल 15 आकड्यांपलीकडे धरत नसल्यामुळे 16 आकडी खात्याचा शेवटचा आकडा 0 होतो. आयएफएससी 11 अक्षरांचा असतो, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे सर्रास इंग्रजी ‘ओ’ मारतात. ही तपासणी भरतानाच लाव, कारण अनुदान परत आलं की निस्तरायला महिने जातात आणि शेतकरी तोवर खेटे घालतो.

मराठीचा एक सापळा नीट समजून घे. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक कीबोर्ड युनिकोडमधलं 0931 क्रमांकाचं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त टाकतो. दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकतो. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि शोध मात्र निम्म्या नोंदी गाळतो. एनएफसी, म्हणजे युनिकोडची एकसारखी रूपं करायची ठरलेली पद्धत, वापरूनही हे दोन एक होत नाहीत. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घेणारी ओळ स्वतः लिहावी लागते. मूळ नाव जसं टाइप झालं तसं वेगळ्या रकान्यात राहू दे, दाखल्यावर तेच छापायचं असतं. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर बदलताना ‘निर्मिती’ आणि ‘स्थिती’ हे शब्द आधी तपास. त्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, त्यामुळे कन्व्हर्टर नेमका तिथेच घसरतो.

कोडइतकीच टिप्पणी लिहायला शीक. कोणतंही काम सुरू करण्याआधी नस्तीवर (कार्यालयाच्या फायलीवर) अर्धं पान: अडचण काय, बदल काय, माहिती कुठे राहील, खर्च किती, अधिकार कुणाला. साहेबांची सही घे. ‘साहेब तोंडी हो म्हणाले’ याला बदलीनंतर काहीच किंमत उरत नाही, आणि बदली होतेच. सही नसेल तर चालू प्रणालीला हातही लावू नकोस, मग कुणी कितीही घाई करो.

स्वतःच्या जीमेलवर सर्व्हर किंवा डोमेन घेऊ नकोस. तू गेलीस की ओटीपी तुझ्या फोनवर, आणि कार्यालय बंद दाराबाहेर. आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी पडद्यावर दाखवू नकोस, आणि याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हण. संगणकात घुसखोरी झाली तर सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी यंत्रणेला, 6 तासांत कळवावं लागतं आणि लॉग (यंत्रावर काय काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. हे 2022 चे निर्देश छापून नस्तीला लाव. बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

तुझा प्रोग्रॅम कसा चालवायचा याचं मराठीत दोन पानी टिपण कर, आणि अव्वल कारकुनाला ते वाचून एकट्याने चालवायला सांग. तू मागे उभी राहा, पण बोलू नकोस. जिथे तो अडेल ते वाक्य बदल.

आणि हो, रुजू अहवालाची शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नकोस. पहिला पगार बऱ्याचदा त्याच कागदावर अडतो.