पिकअपला ऑल-टेरेन टायर टाकावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: इसुझू व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, १८ इंची चाकं. कंपनीचे टायर ४५,००० किलोमीटरला संपत आले. आठवडाभर पुण्यात ऑफिस, शनिवार-रविवार शेतावर, त्यात शेवटचे ३ किलोमीटर कच्चा रस्ता. ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे जाड नक्षीचे टायर) घ्यावेत का, कोणते, आणि एक साइज मोठे चालतील का?

तुम्ही गाडी सांगितलीत, किलोमीटर सांगितलेत, माती तेवढी सांगितली नाहीत. आणि अर्धं उत्तर मातीतच आहे.

मी संगमनेरजवळ शेती करतो. गाडी तुमचीच, चाकंही १८ इंची. माझं रान काळं. सासुरवाडी वर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अंगाला, तिकडे तांबडी माती आणि मुरूम. त्यामुळे एकाच टायरचे दोन्हीकडचे प्रताप पाहून झालेत.

काळ्या रानाचं आधी सांगतो, कारण माझा भ्रम तिथेच फुटला. नवे ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन, टायर टाकून दोन महिने झाले होते. जुलै महिना, रात्रभर पाऊस, आणि सकाळी डाळिंबाच्या बागेतली मोटर बंद. गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये) टाकली आणि बांधावरून सरळ आत घातली. शंभरेक फूट गेलो असेन. मग इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलेना. उतरून पाहिलं तर टायरची नक्षीच दिसेना! नक्षीच्या रबरी गट्ट्यांच्या मधल्या सगळ्या फटी चिकट मातीने भरलेल्या, वरून आणखी बोटभर थर, चारही चाकं कुंभाराने नुकती उतरवलेल्या मडक्यासारखी गुळगुळीत. गड्याने विळ्याने चाकं खरवडली, मी गाडीत बसून पुन्हा प्रयत्न केला, अर्ध्या फेऱ्यात चाकं पुन्हा मडकी. शेवटी चुलतभावाचा ट्रॅक्टर आला. तो काही बोलला नाही, नुसता टायरकडे बघून हसला.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. ए/टीच्या गट्ट्यांमधली फट अरुंद असते, ती स्वतःहून चिखल झटकू शकत नाही. त्याला मड-टेरेन लागतात, मोठ्या गट्ट्यांचे आणि रुंद फटींचे. पण ते टायर घेऊन आठवडाभर पुण्यात ऑफिसला जायचं म्हणजे रोज कानाशी पिठाची गिरणी. तेव्हा शेवटचे ३ किलोमीटर काळ्या रानातले असतील, तर पावसाळ्यात गाडी डांबरीवर लावून चालत जाणं हा उपाय कुठल्याही टायरपेक्षा स्वस्त आहे. मी आता तेच करतो.

मुरूम, खडी, दगडगोटे, तांबडी माती असेल तर मात्र बिनदिक्कत घ्या. कंपनीच्या टायरवर माझ्या गाडीच्या टायरची बाजूची भिंत दोनदा फाटली, दोन्ही वेळा दगडाच्या कडेने. बाजूची भिंत फाटली की पंक्चरवाला नुसती मान हलवतो, टायर भंगारातच. ए/टी टाकल्यापासून ३८,००० किलोमीटर झाले, भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीच्या बाजूला कितीदा जाऊन आलो, एकदाही भिंत फाटली नाही. बाभळीचे काटे रुतले, पण रबर जाड असल्याने बरेचसे आतपर्यंत पोचलेच नाहीत. ए/टीचे पैसे खरे इथे वसूल होतात. चिखलाचं कौतुक जाहिरातीपुरतं.

आता जे दुकानदार सांगत नाहीत ते. रिकामा पिकअप ओल्या डांबरावर शहाण्यासारखा वागत नाही. वजन सगळं पुढे इंजिनावर, मागे रिकामा हौदा आणि माल पेलायला बनवलेले कडक पाटे (स्प्रिंग). त्यात ए/टीचं ओल्या डांबरावरचं ब्रेकिंग साध्या हायवे टायरपेक्षा सहसा थोडं कमीच असतं. एकदा आदल्या दिवशी खताच्या गोण्या भरल्या म्हणून मागच्या चाकांत हवा वाढवून घेतली होती, ४२ पीएसआयपर्यंत. गोण्या उतरवल्या, हवा उतरवायची राहिली. सकाळी चंदनापुरी घाट, पहिला पाऊस, रस्त्यावर तेलकट ओल. वळणावर नुसता ब्रेकला पाय लावला आणि शेपटी बाहेर गेली. वेग ४०च्या आसपास होता म्हणून वाचलो, पुढचा टँकरवाला खिडकीतून काय म्हणाला ते इथे लिहिता येत नाही. चूक टायरची नव्हती, माझी होती. फुगलेल्या टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकत होता.

तेव्हापासून हवा मोजायचा छोटा मीटर आणि १२ व्होल्टचा पंप कायम सीटखाली असतो. दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. सकाळी टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा ठेवा. कच्च्यावर खडखडाट फार असेल तर २५-२६ पर्यंत उतरवा, गाडी एकदम मवाळ होते. वाळूत आणखी खाली, १८-२०. पण तेवढ्या हवेवर ३०च्या वर वेग नको, आणि डांबराला लागायच्या आधी पंप काढून हवा पुन्हा भरायची. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

साइजबद्दल. तुमचा टायर २५५/६० आर १८ असणार (रुंदी २५५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६० टक्के, चाक १८ इंची). त्याचा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. एक साइज मोठा म्हणून लोक २६५/६५ आर १८ टाकतात, तो ८०२ च्या जवळ जातो, म्हणजे ५ टक्के मोठा. स्पीडोमीटरच्या काट्यावर १०० दिसताना गाडी १०५ वर, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की कुठेतरी घासायचं, गाडी वेग पकडायला मंद, ॲव्हरेज खाली. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दोन्ही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरच्या बदलांच्या विरोधात आहेत. अपघातात विमा कंपनीला असं कारण आयतं कशाला द्यायचं?

त्यापेक्षा उलटा विचार करा. २५५/६५ आर १७ चा व्यासही ७६३च येतो. चाक एक इंच लहान, रबराची भिंत १५३ वरून १६६ मिलिमीटर. दगडावर तेवढंच संरक्षण जास्त आणि काटा जागच्या जागी. हाही मूळ स्पेसिफिकेशनबाहेरचा बदलच, तेव्हा विमा कंपनीला आधी विचारा. १७ इंची डिस्क (रिम) वेगळ्या घ्याव्या लागतील, ब्रेकला घासत नाहीत ना हे एक चाक बसवून, फिरवून पाहायचं. मी हे केलं नाही, १८ इंचीवरच राहिलो. आता पुन्हा घ्यायची वेळ आली तर करीन.

ब्रँडचं म्हणाल तर तुमचं बहुतेक चालणं डांबरावर आहे, तेव्हा योकोहामा जिओलँडर ए/टीसारखा बारीक नक्षीचा टायर बघा. अपोलो ॲप्टेरा एटी२ देखील दुकानात हातात घेऊन बघा. बीएफगुडरिच केओ२ ची भिंत जबरदस्त, पण जड आणि टणक, तो तुम्हाला जास्त होईल. टायरवर आकड्याआधी 'एलटी' लिहिलेलं असेल तर तो हलक्या ट्रकचा टायर. त्याला तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते, दारावरचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही: ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १११ म्हणजे १०९०. आणि भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २२२४ म्हणजे २०२४ चा २२वा आठवडा. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला टायर 'नवीन' म्हणून माझ्याही गळ्यात मारायचा प्रयत्न झाला होता.

आवाजाचं लोक फार विचारतात. पहिले १०,००० किलोमीटर जवळजवळ नाहीच. नंतर ६०-७०च्या वेगाला बारीक घूं सुरू होतं, रेडिओ दोन घर वाढवावा लागतो. ते घूं वाढलं की टायरवरून पंजा फिरवून बघा, एकदा पुढे, एकदा मागे. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं अडकत असेल तर चाकं अदलाबदल करायला उशीर झालाय. दर ८,००० ला करा. माझं ॲव्हरेज साडेबारावरून साडेअकरावर आलं, ते परत वर गेलं नाही.

आणि टायर घ्याल तेव्हा चार नाही, पाच घ्या. जुनी झिजलेली स्टेपनी एका बाजूला लागली आणि तुम्ही फोर बाय फोर टाकलं तर वेगवेगळ्या व्यासाची चाकं आतल्या गिअरची वाट लावतात. पाचवा टायर अदलाबदलीत घेतला तर पाचही एकदम झिजतात.

बाकी मातीचा रंग कळवा.