डिग्री लांबली तरी चालेल, बोट आत्ताच सोडू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं प्रश्न मुलीचा आहे, दुसऱ्यांदा कळलं की ओढाताण खरं तर तुमच्यात आणि तिच्या बाबांच्यात चालू आहे. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगी १८ वर्षांची, आयएलसीए ६ या एकटीने चालवायच्या शिडाच्या बोटीत ज्युनियरची चॅम्पियन, आता कॉलेजला जाणार. कुठेतरी तिने एका चॅम्पियन सेलरबद्दल वाचलं जो पुढे इन्व्हेस्टमेंट बँकर झाला, आणि तेव्हापासून ती म्हणते की आधी पाचसहा वर्षं फक्त सेलिंग करते, मग बँकेत जाते, त्यांना खेळाडू हवेच असतात. बाबा म्हणतात बोट आता बंद आणि अभ्यास सुरू. तुम्ही विचारलंय की असं खरंच होतं का, की ही फक्त वाचायला बरी वाटणारी गोष्ट.

होतं ताई. बेल्जियमचे जाक रॉग १९६८, १९७२ आणि १९७६ अशी तीन ऑलिंपिक फिन या एकट्याने चालवायच्या शिडाच्या बोटीत खेळले, त्याच माणसाने हाडांचा सर्जन म्हणून काम केलं आणि पुढे २००१ ते २०१३ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. बँकांमध्येही खेळाडू जातात, काही बँका तर मुद्दाम शोधतात. पण अशा गोष्टी लिहिताना मधली वर्षं गाळलेली असतात. "पदक जिंकलं" आणि "बँकेत रुजू झाला" ही दोन वाक्यं शेजारी शेजारी येतात आणि मधली डिग्री, इंटर्नशिप, रात्री जागून शिकलेलं अकाउंटिंग, हे सगळं गायब. मुलगी नेमकी तिथेच फसतेय, आणि खरं सांगायचं तर बाबाही तिथेच फसतायत, फक्त उलट्या बाजूने.

आधी एक गोष्ट तिला विचारा, की तुला बँकेतलं नक्की काय आवडलं? मी सेलिंगवाल्या मुलांशी बोललोय, त्यातली बरीच म्हणतात की आम्हाला वारा वाचता येतो, रिस्क घेता येते, म्हणून बँकिंग. पण ते वर्णन ट्रेडिंगचं आहे, म्हणजे बाजारात शेअर-बॉंडची खरेदी-विक्री करण्याचं. इन्व्हेस्टमेंट बँकरचं मुख्य काम वेगळं: एखाद्या कंपनीला पहिल्यांदा शेअर विकायला बाजारात यायचंय, बॉंड काढून कर्ज उभारायचंय किंवा दुसरी कंपनी विकत घ्यायचीय, तर त्या कंपनीची किंमत काढणं, खरेदीदार किंवा गुंतवणूकदार शोधणं, बोलणी करणं आणि कागदपत्रं तडीस नेणं. सुरुवातीची दोनतीन वर्षं तर वारा वगैरे काही नाही, एक्सेल आणि पीपीटी, आणि त्यातला एक आकडा चुकला की पहाटे पुन्हा सगळं तपासा. तासांचं म्हणाल तर २०२१ मध्ये एका मोठ्या अमेरिकन बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या १३ अॅनालिस्टनी (म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या नोकरदारांनी) स्वतःचा सर्व्हे करून वरिष्ठांपुढे ठेवला होता, सरासरी आठवड्याला ९५ तास काम. हे वाचूनही तिला तेच करायचं असेल तर पुढचं वाचा, आणि वाचून तिचा चेहरा पडला तर ट्रेडिंग, रिस्क, रिसर्च असे दुसरे रस्ते आहेत, त्यावर वेगळं बोलू.

आता मुख्य मुद्दा. तिचा "आधी बोट मग बँक" हा प्लॅन मला आवडला, पण त्यातला क्रम एका ठिकाणी घात करतो. इन्व्हेस्टमेंट बँका फ्रेशर बहुतेक करून इंटर्नशिपमधूनच घेतात. ही इंटर्नशिप साधारण दहा आठवड्यांची, उन्हाळ्यात, आणि डिग्रीच्या शेवटून दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलांसाठी. तिची निवड कित्येक महिने, मोठ्या बँकांमध्ये वर्षभरसुद्धा आधी उरकलेली असते. म्हणजे तिने धडाधड डिग्री संपवली, मग पाच वर्षं बोट चालवली आणि मग अर्ज केला, तर फ्रेशरचा दरवाजा तोपर्यंत जवळजवळ बंद झालेला असतो, पदक असलं तरी, कारण ती आता विद्यार्थी नाही आणि अनुभवी पण नाही, मधेच लटकलेली. आणि डिग्रीच केली नाही तर विचारायलाच नको.

म्हणून माझा सल्ला जरा उलटा वाटेल. अॅडमिशन आत्ताच घ्या, पण डिग्री संपवायची घाई करू नका. खेळाडूंना वर्ष लांबवायची, कमी विषय घेऊन पुढे जायची सोय बऱ्याच विद्यापीठांत असते, अॅडमिशन घेतानाच लेखी विचारा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तीन वर्षांची डिग्री पाच वर्षांत झाली तर बँकेत कोणी नाक मुरडत नाही, कारण त्या वर्षांत काय केलं ते बायोडेटावरच दिसतं. पण ती जोवर विद्यार्थी आहे तोवर इंटर्नशिपला अर्ज करता येतो, ही किल्ली हातची घालवू नका.

अडचण एकच आहे आणि ती खरी आहे. सेलिंगचा सीझन आणि इंटर्नशिपचा सीझन एकच. वसंतात स्पेनमधल्या पाल्माची रेस, मग फ्रान्समधल्या इएरची, जूनमध्ये जर्मनीतल्या कीलची, आणि बँकेची इंटर्नशिप नेमकी जून ते ऑगस्ट. दोन्ही एकाच वर्षी जमणार नाही, कोणी जमतं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. एक उन्हाळा बोटीचा सोडावाच लागेल. तो कुठला ते कोचबरोबर आत्ताच ठरवा. ऑलिंपिकच्या आणि क्वालिफाइंगच्या वर्षी नाही, तर ऑलिंपिक संपल्यानंतरच्या वर्षी, जेव्हा बरेच सेलर तसेही श्वास घेतात. डिग्री त्या हिशोबाने मागेपुढे सरकवा.

एक उन्हाळा सोडला तर खेळ संपतो अशी भीती तिला वाटेल. तिला मारिट बाउमेस्टरचं उदाहरण दाखवा, ती याच प्रकारच्या बोटीत खेळते. नेदरलँड्सची ही सेलर, ऑलिंपिकमध्ये २०१२ ला सिल्व्हर, २०१६ ला गोल्ड, टोकियोला ब्राँझ, मधे २०२२ मध्ये तिला मुलगी झाली, आणि २०२४ ला वयाच्या ३६ व्या वर्षी परत गोल्ड. युथ वर्ल्ड्स ही तरुणांची जागतिक स्पर्धा १९ वर्षांखालच्यांची असते म्हणून या मुलांना वाटतं आता वेळ संपली, पण सीनियरमध्ये खरी धार पंचविशीनंतर येते. बोट तिची वाट बघेल. बँकेचा फ्रेशरचा दरवाजा तेवढी वाट बघणार नाही.

दुसरा रस्ताही आहे, ऑलिंपिकपर्यंत पूर्ण वेळ सेलिंग, मग एमबीए, आणि त्यातून असोसिएट म्हणून थेट अॅनालिस्टच्या वरच्या पायरीवर. यात खर्च खूप आणि एमबीएला प्रवेश मिळेलच असं नाही, पण पदकवाल्याला तिथे किंमत असते. मला पहिला रस्ता जास्त सुरक्षित वाटतो. सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेबद्दल विचारलं होतंत, ती परीक्षा या कामासाठी सक्तीची नाही, तिचा उपयोग रिसर्च आणि फंड मॅनेजमेंटकडे जास्त, त्यामुळे आत्ता ते ओझं नको.

इंटरव्ह्यूबद्दल थोडं, कारण खेळाडू मुलं तिथेच हरतात. "सेलिंगने मला शिस्त आणि टीमवर्क शिकवलं" हे वाक्य प्रत्येक खेळाडू बोलतो, समोरचा ऐकतच नाही. त्यापेक्षा एक रेस सांगायची. सिडनी ऑलिंपिक २००० ची लेझर या एकट्याने चालवायच्या बोटीची शेवटची रेस बघा. ब्राझीलचा रॉबर्ट शाइट गुणांवर पुढे होता आणि ब्रिटनच्या बेन एन्सलीने ती रेस जिंकायचा प्रयत्नच केला नाही. आपला नंबर कितीही खाली गेला तरी चालेल, शाइटचा पुरेसा खाली गेला पाहिजे, हा हिशोब पाण्यात उतरायच्या आधी केलेला होता, मग त्याने शाइटला अडवून अडवून ताफ्याच्या मागे ठेवलं, शाइट शेवटी बाद ठरला आणि गोल्ड एन्सलीला. त्याच्या चार वर्षं आधी, १९९६ मध्ये शाइटनेच एन्सलीला वेळेआधी स्टार्ट लाइन ओलांडायला लावून दोघंही बाद होतील असं केलं होतं आणि गोल्ड नेलं होतं. तिच्याकडेही अशी एखादी रेस असणार. काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, कुठले पर्याय होते, काय निवडलं आणि किती गुण गेले, एवढं तिला पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. प्रोटेस्ट रूममध्ये, म्हणजे रेसमधल्या तक्रारींची सुनावणी होते तिथे, ज्युरीपुढे बाजू मांडली असेल तर तेही, बोलणी कशी करतोस हे विचारणाऱ्याला याहून चांगलं उत्तर नाही.

पण रेसनंतर लगेच प्रश्न येतो की घसारा १० ने वाढला तर तिन्ही स्टेटमेंटमध्ये (नफा-तोटा, रोख प्रवाह, बॅलन्सशीट) काय होतं. टॅक्स ३० टक्के धरला तर नफा ७ ने कमी, रोख मात्र ३ ने जास्त, बॅलन्सशीटवर मालमत्ता १० ने खाली, रोख ३ वर, आणि राखीव नफा ७ खाली म्हणून दोन्ही बाजू जुळतात. हे झोपेतून उठवलं तरी यायला हवं. पदकामुळे ती खोलीत पोचेल, नोकरी या उत्तरावर मिळेल. बाबांना हा भाग आवर्जून वाचून दाखवा, अभ्यासाचा त्यांचा आग्रह बरोबरच आहे. बोट बंद करायचा आग्रह तेवढा त्यांनी सोडावा, कारण ती बंद झाली तर हजार हुशार मुलांत वेगळं दिसायला तिच्याकडे काही उरणार नाही.

आता तिला दोन कामं द्या. पुढच्या चार वर्षांचं रेगाटाचं (बोटींच्या शर्यतींचं) कॅलेंडर आणि कॉलेजचं कॅलेंडर एकाच कागदावर मांडायचं, आणि एका रेसबद्दल एक पान लिहायचं, हरलेली रेस असली तर जास्त बरं. दोन्ही मला तिनेच पाठवू दे, तुम्ही नको.