वाचकांचे प्रश्न: गॅमा किरण आणि ॲक्सिऑनसदृश कण

प्रश्न: ९ ऑक्टोबर २०२२ च्या जीआरबी २२१००९ए या गॅमा किरणांच्या स्फोटातून १८ टीईव्ही (टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशकण) आला आणि तो ॲक्सिऑनसदृश कणांमुळेच (अजून न सापडलेल्या, अतिशय हलक्या कल्पित कणांमुळेच) पृथ्वीपर्यंत पोहोचला, असे वाचले. हे सिद्ध झाले आहे का?

उत्तर: नाही. पण शंका निराधार नव्हती. या स्फोटाचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे दोन अब्ज वर्षे लागली. एवढ्या वाटेत टीईव्ही ऊर्जेचा फोटॉन ताऱ्यांच्या आणि धुळीच्या जुन्या प्रकाशावर (पार्श्वप्रकाशावर) आदळतो आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होऊन संपतो. १ टीईव्हीच्या फोटॉनला मुख्य धोका १.२ मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशाचा, तर १० टीईव्हीच्या फोटॉनला १२ मायक्रोमीटरच्या आसपासच्या. ही गळती ‘प्रकाशीय खोली’ या आकड्याने मोजतात. खोली १ असेल तर ३७ टक्के फोटॉन वाचतात. १० असेल तर लाखात चार-पाचच.

ॲक्सिऑनसदृश कण खरोखर असतील तर हे गणित बदलते. प्रवासाच्या दिशेला काटकोनात असलेल्या चुंबकीय क्षेत्रात फोटॉनचे रूपांतर अशा कणात होऊ शकते. तो कण अवरक्त प्रकाशाला जुमानत नाही आणि आपल्या आकाशगंगेच्या क्षेत्रात पुन्हा फोटॉन होऊ शकतो. फोटॉनशी असलेल्या जोडणीची ताकद प्रति जीईव्ही (गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, टीईव्हीचा हजारावा भाग) १० चा उणे ११ वा घात, चुंबकीय क्षेत्र १ मायक्रोगाउस (गाउसचा दशलक्षांश) आणि अंतर १० किलोपार्सेक (सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षे) धरले, तर परत फोटॉन होण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के येते. उगमापाशीच्या वेड्यावाकड्या क्षेत्रात जास्तीत जास्त एक तृतीयांश फोटॉन कणरूप घेतात. दोन्हींचा गुणाकार पाऊण टक्क्याच्या आसपास. खोली १० असताना थेट पोहोचणाऱ्यांपेक्षा हे दीडशेहून अधिक पट जास्त आहे, म्हणूनच १८ टीईव्हीच्या बातमीने इतकी खळबळ उडाली.

मात्र हा फोटॉन नोंदवणाऱ्या चीनमधील ल्हासो वेधशाळेच्या २०२३ मधल्या सविस्तर विश्लेषणात वर्णपट सुमारे १३ टीईव्हीपर्यंतच धरला गेला. एकेका फोटॉनची ऊर्जा हवेतल्या कणवर्षावावरून काढतात आणि ती मूळ वर्णपट कसा गृहीत धरला यावर हलते. त्यात वर्णपट तीव्र उताराचा असेल तर कमी ऊर्जेच्या असंख्य फोटॉनांपैकी थोडे चुकून वरच्या रकान्यात सांडतात, आणि तिथे खरे फोटॉन मोजकेच असल्याने हा भरणा ठळक दिसतो. दुसरी अडचण पार्श्वप्रकाशाचीच. मध्यम अवरक्तात तो थेट मोजणे कठीण, कारण सूर्यमालेतल्या धुळीची चमक त्याच्यापेक्षा कितीतरी प्रखर आहे. एका फोटॉनवरून नवा कण जाहीर करू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

प्रश्न: मग हे कण आहेत की नाहीत, हे तपासायचे कसे? फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीची माहिती खुली आहे. विद्यार्थ्याला काही करता येईल का?

उत्तर: येईल. अधिक भरवशाची खूण म्हणजे वर्णपटातल्या लहरी. फोटॉन आणि कण यांची सरमिसळ एका ठरावीक ऊर्जेच्या वर जोर धरते आणि त्या ऊर्जेच्या आसपास वर्णपट वरखाली होतो. वरचीच जोडणी, १ मायक्रोगाउस क्षेत्र आणि १ नॅनोइलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमान घेतले तर ही ऊर्जा सुमारे २.५ जीईव्ही. वस्तुमानाच्या वर्गाप्रमाणे ती वाढते. क्षेत्र दसपट केले की दहाव्या भागावर येते. म्हणून हलक्या कणांसाठी फर्मी आणि ३० नॅनोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास चेरेन्कोव्ह दुर्बिणी (कणवर्षावाची चमक टिपणाऱ्या जमिनीवरच्या दुर्बिणी) उपयोगी पडतात.

पर्सियस दीर्घिकासमूहातली एनजीसी १२७५ ही त्यासाठी आवडती दीर्घिका. २०१६ मध्ये फर्मीच्या गटाला तिथे लहरी आढळल्या नाहीत, त्यावरून ०.५ ते ५ नॅनोइलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानासाठी वरच्या आकड्याच्या साधारण निम्म्याहून जास्त जोडणी नाकारली गेली. पण समूहातले क्षेत्र गोंधळी न मानता सुसंगत मानले तर ही मर्यादा बरीच सैल होते, हे विसरू नका.

करताना फर्मीटूल्स या फर्मीच्या विश्लेषण सॉफ्टवेअरमध्ये घटना (नोंदलेले फोटॉन) ऊर्जा-अचूकतेच्या चार वर्गांत (ईडिस्प० ते ईडिस्प३) वेगळ्या घ्या आणि चारही एकत्र बसवा. ईडिस्प३ सर्वांत अचूक. ऊर्जा-विस्ताराची (मोजलेली ऊर्जा खऱ्या ऊर्जेभोवती पसरण्याची) दुरुस्ती चालू ठेवा, नाहीतर उपकरणाची खोट लहरीसारखी दिसेल. रूपांतराची शक्यता काढायला गॅमाआल्प्स हे खुले पायथॉन पॅकेज आहे. चुंबकीय क्षेत्राचे एकच कल्पित चित्र घेऊन थांबू नका. यादृच्छिक शेकडो चित्रे तयार करून प्रत्येकाशी वर्णपट जुळवा. निष्कर्ष किती खात्रीचा हे ठरवायला इथे नेहमीची काय-वर्ग (χ²) सारणी चालत नाही, कारण जोडणी शून्य असेल तर वस्तुमानाला अर्थच उरत नाही. उंबरठा कृत्रिम वर्णपटांवरूनच ठरवावा लागतो. शिवाय ही दीर्घिका अधूनमधून भडकते. भडक्याचा आणि शांत काळाचा वर्णपट आधी वेगवेगळा पाहा.

प्रश्न: हाच कण प्रबळ बलाचे कोडे (हे बल पदार्थ आणि प्रतिपदार्थाला सारखेच का वागवते) सोडवतो का?

उत्तर: ते काम मूळ ॲक्सिऑनचे. त्याचे वस्तुमान आणि जोडणी एकमेकांना बांधलेली असतात; इतक्या जोडणीला तो इथल्या नॅनोइलेक्ट्रॉनव्होल्टांच्या कणांपेक्षा लाखो पटींनी जड निघेल. ॲक्सिऑनसदृश कणावर असे बंधन नाही.