आधी डोळे बघ, मग चेहरा

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवरची मालिका किंवा चित्रपट बघताना पहिल्याच प्रसंगात ‘ही माझी एलिझाबेथ नाही’ असं ठरवून मोकळी होऊ नकोस. कादंबरी पुन्हा उघडून बघ, या नायिकेच्या रूपाचं वर्णन फार थोडं आहे; नायक डार्सीला भुरळ पडते ती तिच्या डोळ्यांची. म्हणून मी नटीचे डोळे बघते, तेही ती गप्प राहून ऐकत असताना.

वय मात्र जरूर तपास. एलिझाबेथ २० वर्षांची, आणि तिची धाकटी बहीण लिडिया एका पुरुषाबरोबर पळून जाते तेव्हा जेमतेम १६ ची. लिडिया थोराड दिसली की नुसता उथळपणा उरतो, काळजाचा ठोका चुकत नाही.

१९९५ च्या मालिकेतला कॉलिन फर्थचा डार्सी ताठ, २००५ च्या चित्रपटातला मॅथ्यू मॅकफेडियनचा बुजरा. मला दोघेही पटतात, कारण लग्नाच्या मागणीला एलिझाबेथचा नकार ऐकताना दोघेही आतून हलतात. तो प्रसंग दोनदा बघ.