मावशींच्या वृद्धाश्रमाची फी कोण भरणार?

प्रश्न : माझी मावशी ७४ वर्षांची, विधवा, मूलबाळ नाही. मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळली आहे. २०१९ मध्ये तिने साताऱ्याचं घर दिवंगत दिरांच्या मुलाला बक्षीसपत्राने दिलं. तो आता फोनही उचलत नाही. मी तिला नाशिकच्या खासगी वृद्धाश्रमात ठेवलंय, महिना १८,००० रुपये. मी एकटी कमावते. ही फी सरकारकडून मिळेल का?

उत्तर : ताई, खासगी वृद्धाश्रमाची फी भरणारी योजना महाराष्ट्रात नाही. सरकारचं अनुदान मिळतं ते संस्थेला. अनुदानित वृद्धाश्रमात मोफत राहता येतं, पण स्वतःचं स्वतः आवरणाऱ्यांनाच सहसा घेतात. तरी समाजकल्याण कार्यालयात विचारून ठेवा.

मावशींच्या हातात थेट पडेल ते श्रावणबाळ योजनेचं महिना १,५०० रुपये. वय ६५ च्या पुढे, राज्यात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. म्हणजे महिन्याला १,७५०! ही अट मला क्रूर वाटते, पण आज ती आहे. यजमानांची पेन्शन मिळत नसेल तर तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत अर्ज द्या.

पण खरी जबाबदारी ज्याच्याकडे घर आहे त्याची. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात निपुत्रिक व्यक्तीला तिची मालमत्ता ताब्यात असलेल्या वारसाकडून पोटगी मागता येते. हिंदू विधवेला मूल नसेल तर नवऱ्याचे वारस हे तिचे वारस, म्हणून पुतण्या यात बसू शकतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. मावशी आज नाशिकला राहतात, तेव्हा तो नाशिकलाच करा, साताऱ्याच्या खेपा नकोत. वकील लागत नाही. पोटगी महिना १०,००० पर्यंत मिळते. निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम द्यावी, असंही अर्जातच लिहा. मात्र पोटगी सुरू झाली की श्रावणबाळचे पैसे उत्पन्नाच्या अटीमुळे थांबतील. पोटगी लपवू नका.

आता बक्षीसपत्र. दुय्यम निबंधकांकडून, म्हणजे जिथे दस्ताची नोंदणी झाली त्या कार्यालयातून, त्याची नक्कल काढा आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचा. ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ करावा’, म्हणजे पुतण्याने मावशींना सांभाळावं, अशा अर्थाचं वाक्य सापडलं, तर याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली दस्तच रद्द करून मागता येतो. नुसतं ‘प्रेमापोटी’ लिहिलं असेल तर अवघड आहे. अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पण जानेवारी २०२५ च्या एका निकालात, आई आणि मुलाच्या वादात, त्याच न्यायालयाने दस्तासोबतचं सांभाळाचं वचनपत्रही जमेस धरून बक्षीसपत्र रद्द केलं. तेव्हा मावशींच्या ट्रंकेतला त्या वेळचा प्रत्येक कागद बघा, अगदी साध्या वहीच्या पानावर पुतण्याने काही लिहून दिलं असेल तरी.

मावशींना प्रांत कार्यालयात नेण्याची गरज नाही. त्यांनी तुम्हाला अधिकारपत्र दिलं की अर्ज तुम्ही करू शकता. मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. शेजारी डॉक्टर किंवा वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक साक्षीला असू द्या. पुतण्या पुढे म्हणेलच, की हे सगळं भाचीचं कारस्थान आहे.

आदेश झाल्यावरही पैसे आले नाहीत, तर देय तारखेपासून ३ महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्या. ती मुदत चुकवू नका.