तेल बंद आणि टोस्ट चालू, हे आधी थांबवा

अँजिओप्लास्टीनंतर बाबांचं तेल-तूप पूर्ण बंद केलंय, कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून ते दिवसभर चहा-टोस्टवर असतात, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या मामांचं (माझे सासरे) अगदी हेच झालेलं. गोळ्या, तंबाखू, चालणं यावर मी बोलत नाही, ते तुम्हाला सांगितलं असणारच.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते दवाखान्याच्या आहार विभागानं, नाव घेत नाही. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक झेरॉक्स दिली, इतकी फिकट की निम्मे शब्द अंदाजानं वाचायचे. वर्ज्य काय, तर तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं. आणि 'चालेल'च्या रकान्यात मारी बिस्किट, टोस्ट, साबुदाणा! मामांना शुगर आहे हे फायलीच्या पहिल्याच पानावर होतं. खिडकीत विचारलं तर, "सगळ्यांना हाच कागद असतो." संपलं. पुढं शुगर वाढली, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलं, आणि शेवटी तपासणीच्या डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं विचारलं तेव्हा कळलं की सगळा मैदा न् साखरच चाललीय. हृदयाच्या पेशंटला असा कागद देणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत नळीत बसवलेली जाळी, एका जागी बसतो हो, बाकीच्या रक्तवाहिन्या तशाच राहतात. त्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यानं नळी सैल होते, रक्त नीट वाहतं. हे अस्तर बिघडलं की पुढचं सगळं बिघडत जातं. स्पेनमधल्या कोर्डोबात हृदयविकाराच्या १००२ रुग्णांवर ७ वर्षं अभ्यास झाला, निम्म्यांना कमी फॅटचा आहार, निम्म्यांना भरपूर ऑलिव्ह तेल, भाज्या, मासे, सुकामेवा. अस्तराचं काम दुसऱ्या गटात जास्त सुधारलं, आणि २०२२ मध्ये निकाल आला त्यात हार्ट अटॅक, स्ट्रोकसारखे प्रकारही त्या गटात कमी. फायदा पुरुषांत ठळक दिसला, बायका त्यात कमीच होत्या. म्हणजे तेल शून्य करणं हा उपाय नव्हे, कुठलं तेल आणि त्याच्या जागी काय खाताय हे महत्त्वाचं.

शेंगतेल म्हणजे ऑलिव्ह नव्हे, तसा दावा मी करत नाही. पण आमच्यात आता घाण्याचं शेंगतेल मोजून वापरतो, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी. भाकरीवर चटणी न् चमचाभर तेल आलं की टोस्टची आठवणपण निघत नाही. वनस्पती तूप आणि गाड्यावरचं परत परत तापवलेलं तेल मात्र कायमचं बंद. तांबड्या रश्श्यावरचा कट (तेलाचा तवंग) काढून वाटीभर कधीतरी देतो, पांढऱ्यात नारळाचं दूध असतं म्हणून तो सणालाच. कट्ट्यावर समोर म्हैस पिळून मिळणारं धारोष्ण दूध सोडवायला मात्र लई वेळ लागला.

मी डॉक्टर नाही, बाबांचे रिपोर्ट दाखवून चांगल्या आहारतज्ज्ञाला विचारा, आणि गोळ्या स्वतःहून कमी करू नका. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं-पापड, खर्डापण आला. कुणी लो सोडियम मीठ सुचवलं तर थांबा, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, विचारूनच आणा.