सगादाच्या कड्यावरच्या पेट्या

प्रश्न : डिसेंबरात आम्ही फिलिपिन्सला जातोय. सगादा गावी कड्याला टांगलेल्या शवपेट्या बघायच्या आहेत. तिथले कंकनाय लोक असं का करतात? आणि ते तर ख्रिश्चन आहेत ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : माझी लेक मनिलात नोकरीला होती, तेव्हा नोव्हेंबरच्या तोंडावर आम्ही दोघी रात्रभर बसने सगादाला गेलो होतो. लुझोनच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं हे थंड गाव.

जुन्या पेट्या जेमतेम मीटरभर लांबीच्या. मला वाटलं, लहान मुलांच्या असतील. पण माणूस आईच्या पोटात असतो तसा, गुडघे छातीशी घेऊन आत ठेवायची ही रीत. त्याआधी मृताला ‘सांगादिल’ या खुर्चीत बसवतात. नातलग जागरण करतात, डुकरं-कोंबड्या कापल्या जातात. पेट्यांशेजारी लटकलेल्या लाकडी खुर्च्या दिसतील, त्या याच. कड्यावर टांगलं जाण्याचा मान सगळ्यांना मिळत नाही. नातवंडं पाहिलेल्या, वय होऊन गेलेल्या वडीलधाऱ्यांचा तो. मेलेला माणूस ‘आनितो’, म्हणजे पूर्वजाचा आत्मा होऊन घरादारावर लक्ष ठेवतो, त्याला मातीत कोंडायचं नाही, उंचावर मोकळं ठेवायचं, ही त्यामागची श्रद्धा.

ख्रिश्चन आहेतच. 1904 पासून तिथे एपिस्कोपल या प्रोटेस्टंट पंथाचं मिशन आहे. तरी ‘दाप-आय’वर, म्हणजे दगडी फरसबंदीच्या पारावर, वडीलधारी जमतात, पेरणी-कापणीला ‘बेगनास’ हा गावाचा विधी होतो, डुकराचं पित्ताशय बघून कौल घेतात, गाँग वाजतात. त्या दिवसांत काही जागी परक्याला मज्जाव असतो. विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, फोटो तर नाहीच.

माझ्या मनात मात्र पेट्यांपेक्षा 1 नोव्हेंबरची संध्याकाळ राहिली आहे. त्या दिवशी चर्चमागच्या दफनभूमीत ‘पानाग-अपोय’ असतं. मेणबत्त्यांऐवजी थडग्यांशी ‘सालेंग’ पेटवतात, म्हणजे राळेने भरलेल्या पाइनच्या ढलप्या. आधी पाद्री त्यांना आशीर्वाद देतात, मग घरटी माणसं भारे घेऊन चढतात. अंधार पडेपर्यंत अख्खी टेकडी केशरी झाली, धुराने डोळे चुरचुरू लागले. शेजारच्या आजींनी न विचारता माझ्या हातात एक ढलपी दिली आणि बोटाने एक थडगं दाखवलं. ढलपी चिकट होती. राळ बोटांवरून दोन दिवस गेली नाही.

तारीख बदलता येत असेल तर बदला. 31 ऑक्टोबरला सगादात पोहोचा. स्वेटर न्या.